दाखला दिलात, आता काम द्या
महाराष्ट्रातील तृतीयपंथी व पारलिंगी व्यक्तींचे मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग
मंत्रालय, मुंबई

दिनांक : १५ एप्रिल २०२५

विषय : शासकीय सेवेत व शिक्षणात एक टक्का समांतर आरक्षण आणि त्याला जोडून असलेल्या मागण्यांबाबत

महोदय,

आज नालसा निकालाला अकरा वर्षे पूर्ण होत आहेत. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नालसा) याचिकेवर निकाल दिला. आपण कोण आहोत हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, असे त्यात म्हटले होते. सरकारने ही ओळख कागदोपत्री मान्य करावी, असेही म्हटले होते. त्यापुढे न्यायालयाने केंद्र आणि राज्य सरकारांना असाही आदेश दिला होता, की या समाजाला सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून शिक्षणसंस्थांत आणि सरकारी नोकऱ्यांत आरक्षण द्या.

ओळखीबाबत बरेच काही झाले. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्क संरक्षणाचा २०१९ चा कायदा आला, तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला, त्याच वर्षी नियम आले, पोर्टल सुरू झाले. महाराष्ट्रात कल्याण मंडळ स्थापन झाले आणि २०२४ मध्ये राज्याने तृतीयपंथी धोरणही मंजूर केले. यातल्या प्रत्येक पावलाचे आम्ही स्वागत केले आहे. पण आरक्षणाचा आदेश अकरा वर्षे तसाच पडून आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचे ओळखपत्र पर्समध्ये ठेवून आमच्या बहिणी आजही लोकल गाडीत टाळी वाजवून मंगती करतात. हे मागणीपत्र मुख्यतः त्या न पाळलेल्या आदेशाविषयी आहे. बाकीच्या मागण्या त्याला जोडून येतात, कारण हाताला काम नसेल तर कागदावरच्या ओळखीने घरभाडे भागत नाही.

हक्काची भीक कशी झाली

आम्ही दया मागत नाही, असे आम्ही म्हणतो तेव्हा त्याला इतिहासाचा आधार आहे. तो इतिहास याच मातीतला आहे. दख्खनच्या काही गावांत हिजड्यांकडे इनाम जमिनी होत्या. गावच्या उत्पन्नातून धान्य आणि पैसा घेण्याचे परंपरागत हक्क होते, त्यांच्या सनदा मराठी राज्यकर्त्यांनी दिलेल्या होत्या. बलुतेदाराला जसा सुगीत वाटा मिळे, तसाच त्यांनाही मिळे. तो वाटा म्हणजे उपकार नव्हता. एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांना हे खटकले. असे हक्क सभ्यतेला धरून नाहीत, असे कारण देत मुंबई इलाख्यात वारसाने चालत आलेली इनामे पुढे चालू ठेवायला नकार देण्यात आला, आणि गावोगाव मागण्याच्या हक्कामागचा राज्याचा आधारही काढून घेण्यात आला.

उत्तर हिंदुस्थानात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक संपूर्ण भाग हिजड्यांसाठी लिहिला गेला. त्यात नावांची नोंदवही होती. बायकी वेशात सार्वजनिक जागी नाचगाणे केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होती. नोंद झालेल्या माणसाला मूल दत्तक घेता येत नसे, मृत्युपत्रही करता येत नसे. निजामाच्या राज्यात १९१९ साली, म्हणजे १३२९ फसलीत, त्याच वळणाचा कायदा झाला, आणि आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्याचा भाग होता. तेलंगणात तो कायदा पुस्तकात राहिला तो थेट जुलै २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द करेपर्यंत. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५९ साली भीक प्रतिबंधक कायदा केला. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे अशा निमित्ताने पैसे मागणेही त्यात गुन्ह्याच्या व्याख्येत बसते. पहिल्या खेपेलाच एक ते तीन वर्षे बंदिवास होऊ शकतो. तो कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांच्या आत राज्यानेच आमचा हक्क काढून घेतला, मग उरलेल्या मागण्याला भीक म्हटले, आणि मग भिकेला गुन्हा ठरवले. आता तेच राज्य विचारते, तुम्ही काम का करत नाही. काम देण्याची जबाबदारी कुणाची आहे, याचे उत्तर या क्रमातच आहे.

मागणी पहिली : एक टक्का समांतर आरक्षण

शासकीय व निमशासकीय सेवेत, महामंडळांत, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आस्थापनांवर आणि शासकीय व अनुदानित महाविद्यालयांच्या प्रवेशांत तृतीयपंथी व पारलिंगी व्यक्तींना एक टक्का समांतर आरक्षण द्यावे.

आम्ही ‘समांतर’ म्हणतो त्यामागे पक्का विचार आहे. तमिळनाडूने २०१५ मध्ये आमच्या समाजाला अतिमागास प्रवर्गात घातले. हेतू चांगला होता. पण पारलिंगी व्यक्ती सगळ्या जातींत जन्माला येतात. बौद्ध घरातली, पारधी घरातली, मराठा घरातली, ब्राह्मण घरातली, मोमीन घरातली. अनुसूचित जातीतल्या एखाद्या पारलिंगी स्त्रीला मागास प्रवर्गाच्या खान्यात बसवले, तर तिने एकतर जात सोडायची किंवा लिंगओळख सोडायची. जन्माने मिळालेली सवलत एका कागदाच्या बदल्यात हातची जाते, आणि तिथे तिला ज्यांच्याशी स्पर्धा करावी लागते त्यांना वयाच्या तेराव्या वर्षी घरातून हाकलून दिलेले नसते. समांतर आरक्षणात हा अन्याय होत नाही. अनुसूचित जातीची पारलिंगी उमेदवार अनुसूचित जातीच्याच जागेवर मोजली जाते, खुल्या प्रवर्गातली खुल्या जागेवर, भटक्या जमातीतली तिच्या जागेवर.

कर्नाटकाने २०२१ मध्ये आपल्या नागरी सेवा भरती नियमांत दुरुस्ती करून एक टक्का समांतर आरक्षण दिले. सीमेपलीकडच्या निपाणीत जे झाले ते कागलमध्ये का होऊ शकत नाही, हा प्रश्न कोल्हापुरातले आमचे सभासद गेली चार वर्षे विचारत आहेत. २०२४ मध्ये कलकत्ता आणि मद्रास उच्च न्यायालयांनीही आपापल्या राज्य सरकारांना हाच मार्ग दाखवला.

राज्य शासनाने याआधी मुंबई उच्च न्यायालयात सांगितले आहे, की सध्याची उभी (सामाजिक) आणि आडवी (समांतर) आरक्षणे पाहता आणखी एक आरक्षण देणे अवघड आहे. या म्हणण्याचा आम्ही आदराने, पण ठामपणे प्रतिवाद करतो. इंद्रा साहनी खटल्यातली ५० टक्क्यांची मर्यादा सामाजिक आरक्षणाला लागू होते. समांतर आरक्षण त्या मर्यादेत भर घालत नाही. ते प्रत्येक प्रवर्गाच्या आतच जागा राखते. राज्याने आजवर असे आरक्षण कितीदा दिले ते आपणच पाहा. महिलांना ३० टक्के, माजी सैनिकांना १५, खेळाडूंना ५, प्रकल्पग्रस्तांना ५, दिव्यांगांना ४. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात ज्यांची घरे गेली त्यांना २ टक्के, आणि ते योग्यच होते. अनाथ मुलांना २०१८ पासून १ टक्का, आणि तेही योग्य होते. अनाथांचा निर्णय झाला तेव्हा रकाने भरले आहेत, असे कुणी म्हटले नाही. आई-वडील हयात असूनही ज्यांना घराचा उंबरा बंद झाला, त्यांच्यासाठीच नेमका हा आकडा जड का व्हावा?

दुसरा आक्षेप संख्येचा. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष सोडून ‘इतर’ हा पर्याय पहिल्यांदा आला. देशभरात ४ लाख ८७ हजार ८०३ जणांची आणि महाराष्ट्रात ४० हजार ८९१ जणांची नोंद झाली. घरच्यांनी सांगितले तेवढेच त्यात आले, म्हणून हा आकडा कमीच धरायला हवा. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मात्र तृतीयपंथी म्हणून नोंदलेले मतदार होते ६ हजार १०१. या दोन आकड्यांमधली दरी म्हणजे भीती आहे, कागद नसणे आहे, भाड्याच्या खोलीला करारनामा न मिळणे आहे. संख्या कमी म्हणून हक्क देता येत नाही, असे म्हणायचे, आणि हक्क नाही म्हणून माणसे नोंद करत नाहीत, हे चक्र तोडणे सरकारच्याच हातात आहे.

तिसरा आक्षेप कधी लिहिला जात नाही, पण कार्यालयांत ऐकू येतो: पात्र उमेदवार मिळणार नाहीत. त्याचे उत्तर पोलीस भरतीने दिले. अर्जात आपल्यासाठी रकानाच नाही म्हणून दोघींनी राज्याच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाचे दार ठोठावले. न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये अर्जात तिसरा पर्याय ठेवायला सांगितला, शासन त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले, आणि त्या डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने भरतीचे नियम करण्यासाठी मुदत घालून दिली. त्यानंतर राज्यभरातून मुलामुलींनी अर्ज भरले, पहाटे उठून धावण्याचा सराव केला. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने तर २०१७ मध्येच ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच म्हणून निवडून दिले होते. एका खेड्यातल्या मतदारांना जे जमले ते भरती मंडळांना अवघड जाऊ नये.

अंमलबजावणीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. शंभरपेक्षा कमी पदांच्या जाहिरातीत एक टक्क्याला पूर्ण जागा येत नाही, आणि बहुतेक जाहिराती तेवढ्याच असतात. त्यामुळे बिंदुनामावली आस्थापनेनिहाय न ठेवता विभागनिहाय एकत्र ठेवावी. अपूर्णांक पुढच्या भरतीत मोजावा. जागा रिकामी राहिली तर किमान दोन भरत्यांपर्यंत ती पुढे न्यावी. हे केले नाही तर शासन निर्णय निघेल, पेढे वाटले जातील आणि एकही माणूस कामावर लागणार नाही. आमचा आग्रह या तपशिलावर जास्त आहे.

वयोमर्यादेत सूट आणि परीक्षा शुल्कात माफी, या गोष्टी मागास प्रवर्गांप्रमाणेच मिळाव्यात. शारीरिक चाचणीचे निकष हार्मोन उपचार घेणाऱ्या उमेदवारांना विचारात घेऊन वैद्यकीय शिक्षण विभागाच्या सल्ल्याने ठरवावेत. यात पारलिंगी पुरुषांना विसरू नये. आमच्या समाजाचे नाव निघाले की डोळ्यांपुढे साडी येते, दाढी येत नाही, आणि मुलगी म्हणून वाढलेला तो मुलगा घरच्यांनी लावून दिलेल्या लग्नात अडकून संपून जातो. त्यांची संख्या कुणाकडेही नाही. भरतीच्या जाहिरातीत ‘तृतीयपंथी/पारलिंगी (स्त्री, पुरुष व अन्य)’ असे स्पष्ट छापले, तर तोही अर्ज करील.

कागद, आणि कागदासाठी अंग दाखवणे

कायदा सांगतो, प्रतिज्ञापत्रावर जिल्हाधिकाऱ्यांनी ओळख प्रमाणपत्र द्यावे. नियम सांगतात, त्यासाठी वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी करू नये, ३० दिवसांत प्रमाणपत्र द्यावे, आणि ते मिळाल्यावर बाकीच्या कार्यालयांनी अर्ज आल्यापासून १५ दिवसांत आपापल्या कागदांवर नाव, लिंग, छायाचित्र बदलावे. प्रत्यक्षात काही ठिकाणी डॉक्टरची चिठ्ठी मागितली जाते, गुरूचे पत्र मागितले जाते, आई-वडिलांची संमती मागितली जाते. ज्या घराने पोराला मारून बाहेर काढले त्याच घराची सही आणायला सांगणे कायद्यातही बसत नाही आणि माणुसकीतही नाही.

तपासणीने काय होते हे बांगलादेशाने पाहिले आहे. तिथल्या सरकारने नोव्हेंबर २०१३ मध्ये हिजड्यांना स्वतंत्र लिंग म्हणून मान्यता दिली. पुढे सरकारी नोकरीसाठी निवडलेल्यांना वैद्यकीय तपासणीला बोलावले, तिथे त्यांची विटंबना झाली आणि ‘हे खरे हिजडे नाहीत’ म्हणून त्यांना परत पाठवले. नेपाळने दुसरी वाट धरली. डिसेंबर २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सुनील बाबू पंत यांच्या याचिकेवर निकाल देताना स्वतःची भावना हाच ओळखीचा निकष मानला. पाकिस्तानने २०१८ मध्ये स्वतः सांगितलेली ओळख मान्य करणारा कायदा केला, त्यात वारसाहक्कही दिला, आणि २०२३ मध्ये तिथल्या शरियत न्यायालयाने त्यातली मुख्य कलमेच बाद ठरवली. दिलेले परतही घेतले जाते, हे या उपखंडात आम्ही एकमेकांकडे पाहून शिकलो आहोत. म्हणूनच आम्हाला आश्वासनापेक्षा नियमात लिहिलेले हवे असते.

आमची मागणी अशी. ओळख प्रमाणपत्रासाठी प्रतिज्ञापत्राखेरीज एकही कागद मागू नये, असे परिपत्रक महसूल विभागाने सर्व जिल्हाधिकाऱ्यांना पाठवावे. ३० दिवस उलटले तर विलंबाचे कारण लेखी द्यावे. ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ असा दाखला हवा असेल तर कायद्याच्या सातव्या कलमाने शस्त्रक्रियेची अट घातली आहे. ती नालसा निकालाच्या विरुद्ध आहे, आणि ती काढावी अशी शिफारस राज्याने केंद्राला करावी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे, दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव बदलण्यासाठी शालेय शिक्षण विभागाने व परीक्षा मंडळाने एकच कार्यपद्धती ठरवावी. नोकरीच्या मुलाखतीत कागदावर एक नाव आणि समोर दुसरा माणूस दिसला की मुलाखत तिथेच संपते. पहिल्या मागणीचे यश या छोट्या वाटणाऱ्या कागदावर अवलंबून आहे.

जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती, ती अजून झालेली नाही. होईल तेव्हा प्रगणकांच्या प्रशिक्षणात आमच्या संघटनांना बोलवावे, आणि डेऱ्यात, भाड्याच्या खोल्यांत, पुलाखाली राहणाऱ्यांची नोंद तिथेच जाऊन घ्यावी.

मंगती, पोलीस आणि सिग्नल

हा विषय टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नवजात बाळाच्या घरी, लग्नाच्या मांडवात, दुकानदाराकडे जबरदस्तीने पैसे मागितले गेल्याच्या तक्रारी आहेत, आणि त्यातल्या काही खऱ्या आहेत. धमकी देणाऱ्यावर, खंडणी घेणाऱ्यावर, अंगावरचे कपडे सोडण्याची भीती घालणाऱ्यावर सर्वसाधारण कायद्याने गुन्हा नोंदवावा. आमची संघटना त्याच्या आड येणार नाही. पण राज्यातल्या दोन मोठ्या शहरांत २०२३ आणि २०२४ मध्ये जमावबंदीचे कलम वापरून जे आदेश निघाले, ते एका गुन्ह्याविरुद्ध नव्हते, एका समाजाविरुद्ध होते. असे आदेश निघाले की भाजी आणायला निघालेल्या, कामावर जाणाऱ्या, कॉलेजला जाणाऱ्या प्रत्येक पारलिंगी व्यक्तीला नाक्यावर अडवले जाते. १८७१ च्या नोंदवहीची भावना त्यात जिवंत असते.

म्हणून, समाजाचे नाव घेऊन प्रतिबंधात्मक आदेश काढू नयेत, अशा स्पष्ट सूचना गृह विभागाने द्याव्यात. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. तो कायदा मूळचा मुंबईचाच. ज्या राज्याने तो केला त्याने तो स्वतः मागे घ्यावा. २०२० च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि राज्य पातळीवर पोलीस महासंचालकांच्या अखत्यारीत तृतीयपंथी संरक्षण कक्ष असायला हवा. तो कुठे आहे, त्याचा दूरध्वनी कोणता, प्रभारी अधिकारी कोण, हे प्रत्येक पोलीस ठाण्याच्या फलकावर लावावे.

इथेच सर्वांत गंभीर गोष्ट सांगायची आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुने ३७७ कलम पूर्णपणे गेले. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा त्याचा भाग सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच काढला होता, तो गेला हे उत्तमच. पण बळजबरी झालेल्या पुरुषाला आणि पारलिंगी व्यक्तीला त्याच कलमाचा उरलेला आधार होता, तोही गेला. नव्या संहितेत ‘लिंग’ या शब्दाच्या व्याख्येत आम्ही आहोत. बलात्काराच्या कलमात मात्र पीडित फक्त स्त्री आहे. त्यामुळे रात्री रिक्षातून ओढून नेलेल्या पारलिंगी व्यक्तीवर बलात्कार झाला, तर २०१९ च्या कायद्याचे अठरावे कलम लागते, ज्यात शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे आहे. बलात्काराची किमान शिक्षा दहा वर्षे आहे. त्याच वेदनेची किंमत कायद्याने इतकी कमी धरली, आणि हल्लेखोरांना हे ठाऊक आहे. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो. राज्याने विधिमंडळात दुरुस्ती विधेयक आणून राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठवावे आणि केंद्राकडेही लेखी पाठपुरावा करावा. ही मागणी पहिल्या मागणीइतकीच तातडीची आहे.

घर, गुरू आणि चेला

२०१९ चा कायदा कुटुंबाची व्याख्या करताना रक्त, विवाह आणि दत्तक एवढीच नाती धरतो. ज्या मुलाला रक्ताच्या नात्याने बाहेर काढले त्याला जिने ताटात वाढले, आजारपणात उशाशी बसली, ती गुरू या व्याख्येत कुठेच नाही. चेला इस्पितळात असेल तर तिची सही चालत नाही. चेला वारली तर मृतदेह ताब्यात मिळत नाही. वर्षानुवर्षे तोंड न पाहिलेले नातेवाईक येतात आणि पुरुषाच्या नावाने अंत्यविधी करून, खोली आणि दागिने घेऊन जातात. राज्याच्या आरोग्य विभागाने पारलिंगी रुग्णाला आपली ‘निकटची व्यक्ती’ लेखी नेमण्याची मुभा द्यावी आणि त्या व्यक्तीच्या सहीला नातेवाइकाचा दर्जा द्यावा. याला केंद्राची परवानगी लागत नाही, एका परिपत्रकाने हे होते.

त्याच वेळी आम्ही हेही सांगतो, की गुरू-चेल्याचे प्रत्येक नाते मायेचे नसते. काही घराण्यांत चेल्यावर कर्ज चढवले जाते, दंड लावला जातो, घराणे सोडायचे म्हटले तर फिरण्याच्या जागा बंद केल्या जातात. ज्यांना त्यातून बाहेर पडायचे आहे त्यांना आज जायला जागा नाही. केंद्राच्या गरिमा गृह योजनेतली निवारा केंद्रे मोजकीच आहेत. कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर या सहाही महसुली विभागांत राज्याच्या खर्चाने किमान एक निवारा असावा, तिथे पारलिंगी पुरुषांसाठी वेगळी व्यवस्था असावी, आणि राहण्याची मुदत संपली म्हणून कुणाला नोकरीविना रस्त्यावर सोडू नये. म्हाडाच्या सोडतीत आणि घरकुल योजनांत एकट्या पारलिंगी व्यक्तीला कुटुंबप्रमुख मानावे.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागातल्या जोगत्यांचा प्रश्न वेगळा लिहायला हवा. जट आली, अंगात आले, बायकी चालतो, म्हणून घरचेच लोक मुलाला सौंदत्तीला नेऊन यल्लम्माला वाहतात. गळ्यात दर्शनाची माळ पडली की शाळा सुटते आणि परडी हातात येते. महाराष्ट्राच्या २००५ च्या देवदासी प्रथा निर्मूलन कायद्याला देवदासी म्हणजे स्त्री एवढेच दिसते. सोडलेला मुलगा त्यात नाही, त्यामुळे पुनर्वसनातही नाही. अल्पवयीन मुलाला देवाला सोडणे याच कायद्याखाली गुन्हा ठरवावे आणि वृद्ध जोगत्यांना देवदासींप्रमाणे निर्वाह अनुदान द्यावे. श्रद्धेविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. आमच्यातले कितीतरी जण आजही मनापासून भंडारा लावतात. मुलाला निवड करण्याचे वय येऊ द्या, एवढेच आमचे म्हणणे आहे.

शाळा आणि दवाखाना

बहुतेकांची शाळा आठवी-नववीत सुटते. कारण अभ्यास नसतो. मधल्या सुटीतले स्वच्छतागृह, पीटीचा तास आणि शिक्षकांचे हसणे ही कारणे असतात. एनसीईआरटीने २०२१ मध्ये पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी पुस्तिका काढली होती. विरोध होताच ती मागे घेतली गेली. महाराष्ट्राने बालभारतीकडून स्वतःची मराठी पुस्तिका तयार करून घ्यावी आणि डी.एड., बी.एड.च्या अभ्यासक्रमात ती लावावी. उच्च शिक्षणात शुल्कमाफी आणि वसतिगृहात जागा हव्यात. वसतिगृह मिळाले नाही तर महाविद्यालयाचा प्रवेश निरुपयोगी ठरतो.

आरोग्याबाबत थोडक्यात. आयुष्मान भारत योजनेत पारलिंगी व्यक्तींसाठी वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण २०२२ मध्ये जाहीर झाले, त्यात लिंगबदल शस्त्रक्रियाही येते. पण ती करणारे शासकीय रुग्णालय जवळ नसेल तर कार्डाचा उपयोग काय? प्रत्येक विभागातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हार्मोन उपचार, शस्त्रक्रिया आणि समुपदेशन एकाच छताखाली सुरू करावे. आडमार्गाने, अर्धवट डॉक्टरकडून निर्वाण (लिंगछेद) करून घेताना आम्ही माणसे गमावली आहेत. ‘बरे’ करण्याच्या नावाखाली चालणारे उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. अशा डॉक्टरांवर राज्य वैद्यकीय परिषदेने कारवाई करावी. द्विलिंगी बाळांवर जिवाला धोका नसताना केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांना तमिळनाडूने २०१९ मध्ये मनाई केली. तोच शासन निर्णय महाराष्ट्रानेही काढावा.

मुदत

कल्याण मंडळाची बैठक दर तीन महिन्यांनी व्हावी. तिचे इतिवृत्त संकेतस्थळावर यावे. मंडळावरील निम्मे सदस्य आमच्या समाजातले असावेत, त्यात किमान एक पारलिंगी पुरुष, एक जोगता आणि मुंबई-पुण्याबाहेरचे तिघे असावेत. मंडळाला अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्ष हवे.

समांतर आरक्षणाचा शासन निर्णय ३१ ऑगस्ट २०२५ पूर्वी निघावा आणि त्यानंतरच्या प्रत्येक जाहिरातीत त्याची नोंद असावी. संहितेतील दुरुस्तीचे विधेयक येत्या पावसाळी अधिवेशनात मांडावे. ज्या मागण्या परिपत्रकाने पूर्ण होतात, म्हणजे प्रमाणपत्राची, निकटच्या व्यक्तीची, प्रतिबंधात्मक आदेशांची आणि संरक्षण कक्षाच्या फलकाची, त्यांना साठ दिवस पुरेसे आहेत.

यावर चर्चेसाठी आमच्या सात प्रतिनिधींना पुढील तीन आठवड्यांत वेळ द्यावा, आणि बैठकीला सामान्य प्रशासन, गृह, महसूल, शालेय शिक्षण व वैद्यकीय शिक्षण या विभागांचे सचिव उपस्थित असावेत, ही विनंती. वेळ न मिळाल्यास या तीन आठवड्यांच्या मुदतीनंतरच्या पहिल्या सोमवारपासून आझाद मैदानात बेमुदत धरणे धरण्याचा ठराव आमच्या सर्वसाधारण सभेने एकमताने केला आहे. धरण्याची रीतसर सूचना पोलिसांना स्वतंत्रपणे दिली जाईल.

आपले,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य
राज्यातील तृतीयपंथी, पारलिंगी, जोगता व द्विलिंगी व्यक्तींच्या संघटनेच्या वतीने

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
मा. विरोधी पक्षनेते, विधान परिषद
मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र लोकसेवा आयोग
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य
सर्व जिल्हाधिकारी